मेनू कुठं गेला? लिनक्सच्या बदलत्या डेस्कटॉपची गोष्ट, नांदेड-लातूरकडून

६ एप्रिल २०११ रोजी ग्नोम ३ प्रसिद्ध झालं आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेला उबुंटू ११.०४ आलं. या तीन-साडेतीन आठवड्यांत जगभरातल्या असंख्य लिनक्स वापरणाऱ्यांच्या पडद्यावरून एक ओळखीची गोष्ट नाहीशी झाली. वरच्या पट्टीत, डाव्या कोपऱ्यात, ओळीनं तीन मेनू असायचे: ॲप्लिकेशन्स, प्लेसेस आणि सिस्टम. त्यावर टिचकी मारली की संगणकात काय काय आहे याची यादी उलगडायची. ग्नोम ३ मध्ये तिथं ‘ॲक्टिव्हिटीज’ एवढा एकच शब्द उरला. उबुंटूनं आपलं वेगळं ‘युनिटी’ आणलं आणि पडद्याच्या डाव्या कडेला चित्रांची उभी पट्टी बसवली. मेनू कुठं गेला, हा प्रश्न तेव्हापासून प्रत्येक मोठ्या अपग्रेडनंतर कुणी ना कुणी विचारतंच.

मी मूळचा लातूरचा. नांदेडला २०१५ ते २०१९ इंजिनिअरिंग केलं आणि आता सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. ग्नोम ३ आलं तेव्हा मी शाळेत होतो. त्या वेळच्या भांडणाशी माझा संबंध नव्हता. पण त्या भांडणाचे थर मला कॉलेजच्या लॅबमध्ये एकावर एक रचलेले सापडले. प्रात्यक्षिकाच्या जर्नलमधली पहिली पायरी होती, ‘ॲप्लिकेशन्स, मग ॲक्सेसरीज, मग टर्मिनल’. समोरच्या मशीनवर उबुंटू १४.०४ होतं, म्हणजे युनिटी. त्यात ॲप्लिकेशन्स नावाचा मेनूच नव्हता. पिढ्यान् पिढ्या एकमेकांच्या जर्नलवरून उतरवून घेतलेली ती ओळ खोटी ठरून चार वर्षं झाली होती. तरी ती सुवाच्य अक्षरात लिहिली जात होती आणि तिच्यावर सहीही होत होती.

ही खोटी ठरलेली ओळ हाच या लेखाचा विषय आहे. डेस्कटॉपचं रूप बदललं की कोणाचं काय जातं, आणि ते सगळ्यांचं सारखंच जातं का?

जुनं म्हणजे नेमकं किती जुनं?

विंडोजमध्ये यंत्रणा आणि तिचा चेहरा एकत्रच येतात. लिनक्समध्ये ते वेगळे असतात. लिनक्स हा गाभा. त्यावर खिडक्या, मेनू, पट्ट्या, फाइली बघायची सोय हे सगळं पुरवणारं ‘डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट’ निराळी माणसं लिहितात. १९९६ मध्ये जर्मनीत माथियास एट्रिश यांनी केडीईची सुरुवात केली. ते ज्या ‘क्यूटी’ साधनावर उभं होतं त्याचा परवाना त्या वेळी पुरेसा मुक्त नव्हता, म्हणून १९९७ मध्ये मेक्सिकोतल्या मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना या दोघांनी ग्नोम सुरू केलं.

ग्नोमची पहिली आवृत्ती १९९९ ची. तिच्यात सेटिंगांचा सुकाळ होता. २००१ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सनं सामान्य माणसांना ग्नोमसमोर बसवून ती कुठं अडखळतात याचा अभ्यास केला. जून २००२ मध्ये आलेल्या ग्नोम २ मध्ये त्यातून निघालेला विचार दिसतो: पर्याय कमी करा, मूळ मांडणीच नीट करा. तेव्हाही आरडाओरडा झालाच. आमचे पर्याय काढून घेतले, आम्हाला बाळबोध समजता का, असं जुने वापरकर्ते म्हणाले. म्हणजे २०११ मध्ये ज्याच्यासाठी लोक हळहळले ते ‘आपलं जुनं’ ग्नोम २ स्वतःच नऊ वर्षांपूर्वी एक नको असलेला बदल होतं. आपण परंपरा म्हणतो त्यातलं बरंच काही असंच असतं. कोणे एके काळी कुणाच्या तरी अंगावर ते नवंकोरं म्हणून आदळलेलं असतं.

मराठीच्या दृष्टीनं मात्र ग्नोम २ ची एक गोष्ट खरोखर मोलाची होती. त्याच्या पोटात ‘पँगो’ नावाचं अक्षरं मांडणारं साधन आलं. देवनागरीत ‘कि’ लिहिताना वेलांटी उच्चारात नंतर येते आणि कागदावर आधी. जोडाक्षरात दोन अक्षरं मिळून तिसरंच रूप घेतात. ही जुळणी करणारी यंत्रणा डेस्कटॉपच्या पायातच आल्यामुळं मेनूपासून फाइलीच्या नावापर्यंत मराठी दिसण्याचा रस्ता मोकळा झाला. पुढं रेड हॅटनं ‘लोहित’ हे फाँट मुक्त परवान्याखाली उपलब्ध केले आणि कंपनीच्या पुण्यातल्या कचेरीतल्या अनुवादकांनी ग्नोमच्या मराठी अनुवादाचा मोठा भार उचलला. मराठी बोलणारा डेस्कटॉप मिळाला तो असा.

पोस्टानं येणारी सीडी

आमच्या आधीच्या पिढीला लिनक्स मिळालं ते बहुधा सीडीवरून. ‘लिनक्स फॉर यू’ मासिकासोबत सीडी-डीव्हीडी यायची. शिवाय कॅनॉनिकल ही उबुंटूमागची कंपनी २००५ पासून ‘शिपइट’ योजनेखाली मागेल त्याला फुकट सीडी पोस्टानं पाठवायची. ज्या गावात सातशे एमबी उतरवून घ्यायला रात्र पुरत नव्हती, आणि त्या रात्रीत लोडशेडिंग नसेलच याचा भरवसा नव्हता, तिथं या पाकिटाची किंमत वेगळी होती. शिपइट योजना एप्रिल २०११ मध्ये बंद झाली. म्हणजे रूप बदललं आणि पाकीट थांबलं ते एकाच महिन्यात. दोहोंचा एकमेकांशी कार्यकारणसंबंध नव्हता, पण परिणाम एकाच ठिकाणी झाला. ज्यांच्याकडं जुनी सीडी होती त्यांनी तीच चालवली. जर्नलमधली ती ओळ आणखी काही वर्षं खरी राहिली याचं एक कारण हेही असावं.

दुसरं कारण आमच्या शिकण्याच्या पद्धतीत आहे. ‘लातूर पॅटर्न’ महाराष्ट्राला दहावी-बारावीच्या निकालांमुळं माहीत आहे. सराव, पुन्हा सराव, प्रश्न बघताच हात चालू लागला पाहिजे इतका सराव. या पद्धतीला नावं ठेवणं सोपं आहे. पण ज्या घरात पहिल्यांदाच कुणी इंजिनिअर होतंय, त्या घराला या पद्धतीनं शिडी दिली हे मी जवळून पाहिलं आहे. अडचण एवढीच की पाठ केलेली पायरी ही जागेवर अवलंबून असते. ‘वर डावीकडं, मग तिसरं, मग शेवटचं’ असं शिकलेल्याला मांडणी बदलली की सगळंच परकं वाटतं. मराठीत याला नेमका शब्द आहे: अंगवळणी पडणं. डोक्याला नव्हे, अंगाला वळण पडतं. आणि हे वळण सॉफ्टवेअरमध्ये कुठंही साठवलेलं नसतं. अपग्रेड करताना तुमच्या फाइली जपल्या जातात. वळण मात्र पुसलं जातं.

बदल कशासाठी होता

बदल करणारे लहरी होते असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय होईल. २०१० च्या आसपास लहान पडद्याचे नेटबुक आले होते, आणि सगळ्याच लॅपटॉपचे पडदे रुंद, बुटके होत चालले होते. अशा पडद्यावर उभी जागा महाग. वर एक पट्टी, खाली एक पट्टी अशी जुनी रचना ती उधळून टाकायची. युनिटी मुळात नेटबुकसाठीच तयार झालं. म्हणून पट्टी डाव्या कडेला गेली. ग्नोम ३ चा विचार वेगळा होता: काम करताना समोर फक्त काम असावं, बाकीचं सगळं ‘ॲक्टिव्हिटीज’च्या मागं लपावं. खाली खिडक्यांची पट्टीच राहिली नाही, तेव्हा खिडकी लहान करून ठेवायची कुठं? म्हणून ते बटणही मूळ मांडणीतून गेलं.

पण खटका त्याच्या आधीच उडाला होता. एप्रिल २०१० च्या उबुंटू १०.०४ मध्ये खिडकी बंद करायची बटणं उजवीकडून डावीकडं नेली गेली. लोक चिडले तेव्हा उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी, अभिप्राय जरूर द्या, पण रचनेचे निर्णय इथं मतदानानं होत नाहीत, अशा अर्थाचं स्पष्ट उत्तर दिलं. सात वर्षांनी, ऑक्टोबर २०१७ च्या १७.१० मध्ये, तीच बटणं पुन्हा उजवीकडं आली. ज्यांच्या हाताला मध्यंतरी डावीकडची सवय झाली होती, त्यांची आता तक्रार सुरू झाली.

‘माते’ आणि हक्काची गोष्ट

विंडोज ८ मधून स्टार्ट मेनू गेला तेव्हा लोकांच्या हाती तक्रार करणं किंवा बाहेरून एखादं जोड-सॉफ्टवेअर लावणं एवढंच होतं. लिनक्समध्ये आणखी एक वाट असते. ग्नोम २ चा सगळा कोड मुक्त परवान्याखाली होता. २०११ मध्येच अर्जेंटिनातल्या एका वापरकर्त्यानं तो उचलला आणि स्वतंत्रपणे पुढं चालवायला घेतला. तिकडच्या येर्बा माते या पेयावरून त्यानं नाव ठेवलं ‘माते’. मराठी कानाला ही थेट आईला घातलेली साद वाटते, आणि नवं रूप बघून बावरलेल्या माणसाच्या तोंडी ती शोभतेही. लिनक्स मिंटनं दुसरा मार्ग धरला: पोटात नवं ग्नोम, वर जुन्या धाटणीचा मेनू आणि खाली पट्टी. त्यातून ‘सिनॅमन’ झालं. खुद्द लायनस टोरवाल्ड्स यांनी २०११ मध्ये ग्नोम ३ वर सडकून टीका करून ‘एक्सएफसीई’ जवळ केलं आणि २०१३ मध्ये ते काही एक्स्टेन्शन्स जोडून ग्नोमकडं परतले. रेड हॅटच्या जून २०१४ मधल्या एंटरप्राइझ लिनक्स ७ नं तर नव्या ग्नोमचा जुना मेनू दाखवणारा ‘क्लासिक’ अवतारच मूळ मांडणी म्हणून दिला. पैसे मोजणाऱ्या कंपन्यांच्या अंगवळणाची काळजी अशी घेतली जाते.

इथवर ही गोष्ट मुक्त सॉफ्टवेअरच्या विजयाची म्हणून सांगता येते, आणि बहुतेक वेळा तशीच सांगितली जाते. जुनं हवं? घ्या, कोड तुमचाच आहे. कायद्यानं हे खरंच आहे. पण हक्क असणं आणि तो वापरता येणं यात अंतर आहे. ‘माते’ बसवायला ते आहे हे ठाऊक हवं, यंत्रावर ॲडमिनचा पासवर्ड हवा, इंटरनेट हवं. कॉलेजच्या लॅबमधल्या मुलाकडं यातलं एकही नसतं. त्याच्यासाठी लॅब असिस्टंटनं जे बसवलं तोच डेस्कटॉप.

मराठीला बसणारा भुर्दंड

आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प तुमच्यापैकी काहींनी कॉलेजात पाहिला असेल. दहाएक मिनिटांचे पाठ, अनेक भारतीय भाषांत आवाज दिलेले, मराठीतही. शिकायची पद्धत साधी आणि चांगली आहे: पडद्याच्या एका अर्ध्या भागात पाठ, दुसऱ्या अर्ध्यात आपलं सॉफ्टवेअर, आणि पाठात होतं तसं आपण करत जायचं. उबुंटू डेस्कटॉपची ओळख करून देणारा त्यांचा सुरुवातीचा पाठ उबुंटू १०.१० वर होता, म्हणजे मूळ मांडणीतच ग्नोम २ असलेल्या शेवटच्या उबुंटूवर. पुढच्या आवृत्तीत युनिटी आलं आणि दोन अर्धे एकमेकांशी जुळेनासे झाले. पुढं १४.०४ साठी पाठ नव्यानं करावा लागला. इंग्रजीत असा पाठ एकदा केला की झालं. इथं तो पुन्हा लिहायचा, पुन्हा भाषांतर करायचा, प्रत्येक भाषेत पुन्हा बोलायचा.

मेनूतल्या मराठी शब्दांचं काय होतं ते अधिक बोलकं आहे. सॉफ्टवेअरचे अनुवाद एका साध्या मजकुराच्या फाइलीत असतात: वर मूळ इंग्रजी वाक्य, खाली मराठी. मूळ वाक्यात बदल झाला की संगणक त्या जोडीवर ‘फझी’ असा शिक्का मारतो, म्हणजे अनुवाद संशयास्पद. कुणी मराठी माणसानं येऊन तो तपासेपर्यंत पडद्यावर इंग्रजीच दिसतं. रूप बदललं की शेकडो वाक्यं बदलतात. जर्मन किंवा फ्रेंचमध्ये ती तपासायला माणसं तयार असतात. मराठीत ती मोजकी. मग अपग्रेडनंतर अर्धा मेनू मराठी, अर्धा इंग्रजी, अशी खिचडी समोर येते. ऐंशी टक्के मजकूर अनुवादित असेल तर ती भाषा समर्थित, असा ग्नोमचा हिशेब असे. एकाच जागी उभं राहण्यासाठीसुद्धा मराठीला सतत धावावं लागतं, ते यामुळं.

तिसरा भुर्दंड टंकलेखनाचा. इंग्रजी आणि मराठी यांत अदलाबदल करायला आयबस या साधनात कंट्रोल आणि स्पेस अशी जोडी होती. २०१२-१३ च्या सुमारास आयबस ग्नोममध्येच सामावून घेतलं गेलं आणि ती जोडी सुपर आणि स्पेस झाली. (सुपर म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेली कळ.) केवळ इंग्रजी लिहिणाऱ्याला हा बदल झाल्याचं कळलंसुद्धा नाही. मराठी लिहिणाऱ्याला तो प्रत्येक परिच्छेदात कळला.

आणि चौथा, जो माझ्या मते सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कमी बोलला गेलेला. जुना मेनू तुम्हाला यादी दाखवायचा; त्यातलं हवं ते ओळखायचं. नव्या डेस्कटॉपमध्ये मुख्य मार्ग आहे नाव टाइप करून शोधण्याचा. यादी मागं कुठंतरी असते, पण सगळी रचना तुम्हाला शोधाकडं ढकलते. ओळखणं आणि आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला ‘कॅल्क्युलेटर’ हा शब्द समोर दिसला तर कळतो. त्याचं इंग्रजी स्पेलिंग न चुकता टाइप करणं निराळं. त्यातून कीबोर्ड मराठीवर राहिला असेल तर शोधाच्या चौकटीत भलतीच अक्षरं उमटतात आणि संगणक सांगतो, काही सापडलं नाही. लॅबमध्ये आम्ही सगळ्यांनी यातून एकच पळवाट काढली होती: कंट्रोल, ऑल्ट आणि टी. या तीन कळा दाबल्या की उबुंटूत टर्मिनल उघडतं. रूपं आली आणि गेली, ही जोडी टिकली.

कागद तोच, वाचणारे कमी

मराठवाड्याला हा अनुभव संगणकाच्या फार आधीपासून आहे. निजामाच्या राज्यात सरकारी कारभार आधी फारसीत होता, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उर्दूत आला. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झालं, १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. कारभार मराठी झाला. हा बदल हवाच होता. लोकांची भाषा कचेरीत यावी यासाठीच तर झगडा होता. पण त्याचा एक परिणाम असा की, आधीचे कागद जागेवरच राहिले आणि ते वाचू शकणारी माणसं एकेक करून गेली. आमच्या घरी आजोबांच्या जमिनीचा एक उर्दू कागद आहे. तो आमचाच आहे, आणि घरात कुणालाही वाचता येत नाही. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीनं कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा निजामकाळातली उर्दू आणि मोडी दप्तरं वाचणारे जाणकार शोधावे लागले.

डेस्कटॉपचा बदल त्या मानानं अगदीच किरकोळ. तरी रचना तीच आहे. बदल योग्य असू शकतो, बहुमताचा असू शकतो, आणि तरीही जुन्या रूपाशी बांधलेलं ज्ञान एका रात्रीत निकामी होतं. ते नव्यात आणण्याचं काम कुणी आपणहून करत नाही; ते नेमून द्यावं लागतं.

पुढची अपग्रेड

५ एप्रिल २०१७ रोजी शटलवर्थ यांनी युनिटीचा पुढचा विकास थांबवत असल्याचं जाहीर केलं. फोन, टॅबलेट आणि संगणक यांना एकच चेहरा देण्याचं स्वप्न पुरं झालं नाही. उबुंटू ग्नोमकडं परतलं. २०१८ मध्ये मी माझा लॅपटॉप १६.०४ वरून १८.०४ वर नेला तेव्हा माझ्याही अंगातलं युनिटीचं वळण मोडलं. आठवडाभर हात चुकीच्या कोपऱ्यात जात राहिला, मग नव्या जागी जाऊ लागला. २०२१ मध्ये ग्नोम ४० आलं, उभ्या रांगेतली कामाची दालनं आडवी झाली. माझ्यापर्यंत ते २०२२ च्या २२.०४ मधून पोचलं. या खेपेला दोन दिवस पुरले. तोवर मी जागा लक्षात ठेवणं सोडून कळा आणि आज्ञा लक्षात ठेवायला लागलो होतो. हे मला जमलं, कारण दिवसाचे आठ-दहा तास मी संगणकासमोरच असतो. आठवड्यातून दोन तास लॅबमध्ये बसणाऱ्याला तोच आठवडा पाच-सहा महिन्यांचा पडतो, म्हणजे जवळजवळ एक सेमिस्टर.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ न झेपणारी असंख्य जुनी यंत्रं शाळा-कॉलेजांत, टायपिंगच्या वर्गांत, दुकानांत आहेत; नांदेड-लातुरातही आहेत. त्यांतल्या काहींवर आता लिनक्स बसेल. बसवणारे बहुधा माझ्यासारखेच कुणीतरी असतील, सुट्टीत गावी आलेले. त्यांच्याकडं माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली, मेनू दाखवणारा डेस्कटॉप बसवा, मग तो माते असो, सिनॅमन असो की एक्सएफसीई. आपल्याला काय देखणं वाटतं ते बाजूला ठेवा. दुसरी, भाषा बदलायची कळ कोणती ते एका कागदावर मराठीत लिहून यंत्राला चिकटवा. तिसरी, जर्नल जुनं असेल तर सरांशी बोलून त्यातली पहिली ओळ बदलून घ्या. तिथं मेनूचा पत्ता न देता ‘कंट्रोल, ऑल्ट आणि टी’ असं लिहिलं तरी पुढची काही वर्षं निभावतील.